जीपगाडीचे आवाज : पारख व दुरुस्ती

बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्यास आवाजाची पारख कोणी शिकवावी लागत नाही. आख कोरडा पडला म्हणजे चाक कुरकुरते, आरे ढिले झाले म्हणजे खडखडते, लोखंडी धाव सैल झाली म्हणजे दगडावरून जाताना निराळाच नाद निघतो. आणि हे सारे भेद तो बसल्या जागेवरून, मागे वळून न पाहता ओळखतो. तोच शेतकरी जीपगाडीचा मालक झाला म्हणजे मात्र खालून घरघर ऐकू येताच त्याचा धीर सुटतो. गाडी तालुक्याच्या गावी जाते, मिस्त्री गिअरबॉक्स उतरवतो, दोन-चार बेअरिंगे बदलली जातात, ऐन काढणीच्या दिवसांत आठवडा मोडतो, आणि गाडी पुन्हा घाटाला लागली की तीच घरघर पुन्हा सुरू होते. अशा वेळी दोष पुष्कळदा गिअरबॉक्समध्ये नसतोच. तो एखाद्या कोरड्या क्रॉसमध्ये, एका चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा तेल उतरून गेलेल्या पेटीत असतो. पेटी उघडण्यापूर्वी अर्धा दिवस शांतपणे परीक्षा केली तर हा खर्च व खोळंबा टळण्यासारखा असतो.

जीपगाडी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास नवी नाही. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलिस जीप जुळवून रस्त्यावर आणण्यास प्रारंभ केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर विकासगटाच्या अधिकाऱ्यांबरोबर ही गाडी आडवाटेच्या खेड्यांतही पोहोचली. सरकारी कामातून निवृत्त झालेल्या व लिलावात निघालेल्या अशा कित्येक गाड्या पुढे शेतकऱ्यांकडे आल्या. डोंगराळ भागात पावसाळ्यात जेथे दुसरे वाहन चढत नाही, तेथे भाजीपाला, दुधाचे कॅन व प्रसंगी आजारी माणूस खाली आणण्याचे काम जुनी जीप अजूनही करते. पुढील विवेचन मुख्यतः या जुन्या बांधणीच्या गाडीस धरून केले आहे. नव्या गाड्यांत काही भाग निराळे असले तरी परीक्षेची रीत तीच राहते.

शक्तीची वाट

इंजिनाची शक्ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. गिअरबॉक्सच्या पाठीलाच ट्रान्स्फर केस जोडलेली असते. ही पेटी शक्तीच्या दोन वाटा करते : एक मागच्या आसाकडे, दुसरी पुढच्या आसाकडे. प्रत्येक वाटेवर एक प्रोपेलर शाफ्ट असून त्याच्या दोन्ही टोकांस क्रॉस असतात. शाफ्ट पिनियन फिरवतो, पिनियन क्राऊन फिरवते, आणि क्राऊनमधील डिफरन्शियल दोन्ही चाकांस वळणावर कमी-अधिक फिरण्याची मोकळीक देते. गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दोन लहान दांडे असतात. एकाने पुढचा आस जोडला किंवा सोडला जातो. दुसऱ्याने 'हाय' व 'लो' असा वेग निवडला जातो. लोमध्ये गाडीची चाल सुमारे अडीचपट मंदावते आणि ओढ तितक्याच प्रमाणात वाढते.

या बांधणीची एक खूण ध्यानी ठेवावी. जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये हायमध्ये असतानाही शक्ती सरळ जात नाही; ती मधल्या दंतचक्रातून फिरूनच पुढे जाते. त्यामुळे या पेटीचा थोडासा गुणगुणाट स्वाभाविक होय. लोमध्ये तो वाढतो, तेही स्वाभाविक होय. काल नव्हता असा आवाज आज आला, किंवा होता त्याची जात पालटली, तरच दोष समजावा. कित्येकदा नव्या मालकास गाडीचा जन्मजात आवाजच रोग वाटतो आणि धडधाकट पेटी विनाकारण उघडली जाते.

आवाजाची जागा नव्हे, वेळ

आवाज नेमका कोठून येतो हे कानावर विसंबून ठरवू नये. गाडीची लोखंडी चौकट नाद वाहून नेते. मागच्या आसातील घरघर चालकास स्वतःच्या पायाखाली ऐकू येते. मात्र आवाज केव्हा सुरू होतो आणि केव्हा थांबतो, हे कान अचूक सांगतो. निदानाची सारी भिस्त यावर आहे. प्रत्येक भाग केव्हा फिरतो आणि केव्हा त्यावर भार येतो हे ठाऊक असले, तर आवाजाच्या वेळेवरून भागाचे नाव आपोआप निघते.

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून चाकांस दगड लावावेत व इंजिन सुरू ठेवावे. गिअर न्यूट्रलमध्ये, क्लचवर पाय नाही, अशा स्थितीत आवाज येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल, तर तो गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा किंवा खालच्या शाफ्टचा आहे. याच्या उलट, क्लच दाबताच आवाज सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग वाजत आहे. दोन्हीही होत नसेल तर हाय-लोचा दांडा मधोमध, न्यूट्रलमध्ये ठेवून गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरमध्ये टाकावा आणि क्लच सोडावा. आता गाडी हलत नाही, परंतु ट्रान्स्फर केसचे मधले दंतचक्र फिरते. येथे खरखर ऐकू आली तर शाफ्ट, क्रॉस, हाउसिंग व चाके ही सर्व एका झटक्यात निर्दोष ठरतात, कारण त्यांतील काहीच फिरत नसते. या परीक्षेस काही मिनिटे लागतात, पैसा लागत नाही, तरीही ती क्वचितच केली जाते.

यानंतर गाडी रस्त्यावर न्यावी. चालकाखेरीज आणखी एक माणूस केवळ ऐकण्यासाठी बरोबर असावा. डांबरी रस्त्यावरून कच्च्या रस्त्यावर उतरताच आवाज पालटला, तर तो टायरच्या नक्षीचा समजावा. जाड नक्षीचे टायर डांबरावर घुमतात, मातीवर गप्प होतात. टायरचा संशय फिटल्यावर एकाच वेगात तीन स्थिती घडवून आणाव्यात : अॅक्सिलरेटर दाबून गाडीस ओढ देणे, पाय काढून उतारावर इंजिनास गाडी आवरू देणे, आणि या दोहोंच्या मधली, जेथे इंजिन ओढतही नाही व धरतही नाही. ओढीत शीळ येते व पाय काढताच थांबते, किंवा ओढीत शांतता व उतारावर शीळ, अशी परिस्थिती असेल तर क्राऊन-पिनियनच्या दात्यांची एक बाजू झिजलेली आहे, अथवा पिनियन जागेवरून हलली आहे. कारण ओढीत दात्याची एक बाजू भार घेते, उतारावर दुसरी. ओढ असो वा नसो, वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घरघर मात्र बेअरिंगची असते. ती घरघर डावीकडे वळताना वाढून उजवीकडे वळताना कमी होत असेल तर उजव्या चाकाचे बेअरिंग पाहावे, कारण डाव्या वळणात गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. सरळ चालताना काहीही नाही व फक्त वळणावर खडखड आहे, असे झाल्यास डिफरन्शियलची आतली लहान दंतचक्रे संशयास पात्र ठरतात.

जुन्या तीन गिअरांच्या पेटीत तिसऱ्या गिअरमध्ये शक्ती सरळ पार होते. म्हणून पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये येणारा आवाज तिसऱ्यात नाहीसा होत असेल तर तो गिअरबॉक्सचा, आणि तिन्हींत सारखाच राहत असेल तर त्याच्या पलीकडचा, असा निर्णय करण्यास हरकत नाही.

पुढचा आस सोडलेला असला तरी जुन्या जीपमध्ये रस्त्यावर फिरणारी पुढची चाके पुढचे क्राऊन-पिनियन व पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरवीतच असतात. 'फोर-व्हील टाकलेले नाही, म्हणून दोष मागेच असला पाहिजे', हा तर्क म्हणूनच चुकीचा आहे. शंका आल्यास पुढचा शाफ्ट काढून बाजूस ठेवावा, फोर-व्हीलचा दांडा सोडलेलाच ठेवावा आणि गाडी चालवून पाहावी. आवाज गेला तर तो पुढचा होता.

हँडब्रेकविषयी इशारा

मागचा शाफ्ट काढण्यापूर्वी, किंवा कोणतेही चाक जॅकवर उचलण्यापूर्वी, एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. पुष्कळ जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी, शाफ्टच्या मुळाशी असतो. तो शाफ्टला धरतो, आणि शाफ्टमार्फत मागच्या चाकांना. शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढलेला असूनही मागची चाके मोकळी होतात. इतकेच नव्हे, तर शाफ्ट जागेवर असताना मागचे एकच चाक जॅकने उचलले तरीही गाडी घरंगळू शकते. कारण डिफरन्शियल उचललेल्या चाकास उलटे फिरू देते व जमिनीवरचे चाक मोकळे होते. गाडीखाली माणूस असताना ही चूक प्राणावर बेतते. सबब जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक चाकास दोन्ही बाजूंनी दगड वा लाकडी ठोकळे लावल्याखेरीज जॅकला हात लावू नये, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. आसाखाली घोडी किंवा भक्कम ओंडके द्यावेत. फोर-व्हील जोडलेली गाडी जॅकवर ठेवून गिअरमध्ये टाकणे तर सर्वथा वर्ज्य होय. जमिनीवर असलेले एखादे चाकही तिला जॅकवरून उडी मारावयास लावते.

घाटात मागचा क्रॉस तुटला तरी हीच रचना घात करते. त्या क्षणी इंजिनाचा अडसर आणि हँडब्रेक ही दोन्ही एकदम जातात आणि चालकाच्या हाती केवळ पायाचा ब्रेक उरतो. क्रॉसची टकटक म्हणून कधीही उद्यावर टाकू नये.

क्रॉस व प्रोपेलर शाफ्ट

क्रॉस नादुरुस्त झाल्याची पहिली खूण म्हणजे गाडी निघताना व मागे घेताना येणारा 'खट्ट' असा एकच ठोका. पुढे मंद चालीत चाकाच्या फेऱ्याबरोबर किणकिण येऊ लागते आणि शेवटी वेगात सारी गाडी थरथरते. परीक्षेसाठी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून, क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे दुबेळक्यासारखे योक दोन हातांत धरावेत व परस्परविरुद्ध पिळून पाहावेत. ढिलाई हातास लगेच जाणवते. वाट्यांच्या कडेस तांबूस भुकटी दिसली तर आतील सुईसारखे रोलर गंजून दळले गेले आहेत असे समजावे, मग ढिलाई फारशी नसली तरीही.

ग्रीस भरताना चारही वाट्यांच्या तोंडाशी ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे. तीन वाट्यांतून आले आणि चौथीतून आले नाही, तर ती चौथी वाटी कोरडीच राहिली व तिचे दिवस भरले. नदीचा उतार ओलांडून जाणाऱ्या गाडीस पावसाळ्यात ग्रीस वारंवार लागते. ते आतील पाणी बाहेर ढकलते.

क्रॉस बदलणे खेड्यातील मिस्त्रीस सहज साधते. शाफ्ट उतरवण्यापूर्वी योक, फ्लँज व शाफ्ट यांवर छिन्नीने बारीक खुणा कराव्यात. सर्कलिप काढून, व्हाइसमध्ये धरून एका बाजूची वाटी दाबली की समोरची बाहेर येते. हातोड्याचे घाव घातल्यास योकचे भोक कान्हेरे होऊन नवा क्रॉसही महिनाभरात ढिला पडतो. नवी वाटी बसवताना एखादी सुई आडवी पडते व वाटी पूर्ण आत जात नाही. अशा वेळी जोर न करता वाटी काढून सुया पुन्हा ग्रीसमध्ये उभ्या कराव्यात. सर्कलिप खाचेत पूर्ण बसली की क्रॉस हाताने चारही दिशांस सहज झुकला पाहिजे.

येथे एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगणे भाग आहे. शाफ्टच्या मध्ये सरकणारा खाचांचा जोड असतो. तो सुटा करून पुन्हा घालताना दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत आले पाहिजेत. तिरपा बसलेला एक क्रॉस शाफ्टला एकसारखा फिरू देत नाही. प्रत्येक फेऱ्यात शाफ्ट दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलट दिशेने करून ती मोडून काढतो, परंतु योक एका पातळीत असले तरच. एका खाचेने जरी फरक पडला तरी नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते, आणि दोष नव्या मालावर ढकलला जातो.

तेल काय सांगते

कोणतीही पेटी उघडण्यापूर्वी तिचे तेल पाहावे. गाडी सपाटीवर उभी करून बाजूचे भरण्याचे बूच काढले असता तेल बुचाच्या काठाशी असावे. गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांचे तेल निरनिराळे तपासावे. दोहोंमधील ऑइल सील झिजली की गिअरबॉक्सचे तेल ट्रान्स्फर केसमध्ये उतरते. एक पेटी काठोकाठ भरते आणि दुसरी आतून कोरडी पडून ओरडू लागते. ट्रान्स्फर केसचे बूच काढताच तेलाची धार बाहेर आली तर 'तेल भरपूर आहे' म्हणून समाधान मानू नये. गिअरबॉक्सचे बूच आधी उघडून पाहावे.

थोडे तेल पांढऱ्या ताटलीत काढून उन्हात धरावे. बोटांस लागणारी मऊ राखाडी भुकटी नेहमीच्या झिजेची असते. लोखंडाचे पापुद्रे, सुईचे तुकडे किंवा दात्याची कपरी दिसली तर गाडी तेथेच थांबवावी. पिवळी चकाकी दिसली तर पितळी कडे किंवा मधल्या दंतचक्राच्या कडेच्या चकत्या झिजत आहेत. तेल ताकासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी गेले आहे. हे पाणी बहुधा उताराच्या पाण्यातून जाताना शिरते. लांबचा पल्ला मारून तापलेले हाउसिंग थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकसते, आणि हवा खेळण्याचे वरचे छिद्र चिखलाने बुजलेले असेल तर सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. हे छिद्र तारेने मोकळे ठेवण्याने एक अख्खे क्राऊन-पिनियन वाचते. ओढा ओलांडण्यापूर्वी गाडी थोडी निवू देणे हेही हिताचेच.

तेल ९० नंबरचे गिअर-तेल असावे. हाउसिंगमधील क्राऊन-पिनियनचे दाते एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तेथे जीएल-५ प्रतीचे तेल लागते. गिअरबॉक्समध्ये पितळी कडी असतील तर तेथे जीएल-४ घालणे श्रेयस्कर, कारण अधिक तीव्र मिश्रणाचे तेल पितळेस बाधते. आवाज दडपण्यासाठी तेलात लाकडाचा भुसा किंवा केळे घालून गाडी विकण्याची युक्ती जुनी आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने बूच काढून तेलाचा वास व गाळ जरूर पाहावा.

फक्त फोर-व्हीलमध्ये येणारा आवाज

या गाडीत फोर-व्हील टाकल्यावर पुढचा व मागचा आस एकमेकांस जखडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात किंवा भुसभुशीत मातीत हा फरक चाके घसरून भरून निघतो. डांबरावर घसरण्यास जागा नसते. मग तो ताण शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो, दांडा अडकतो आणि मधूनच 'खाड' असा आवाज करून टायर झटका देतो. हा यंत्राचा दोष नव्हे. गाडी चार पावले मागे घेतली की पीळ उलगडतो व दांडा सुटतो. फोर-व्हील केवळ मऊ, निसरड्या जमिनीवरच वापरावे. पुढे नवे व मागे गुळगुळीत झालेले टायर असले तरी चाकांचा घेर निराळा होऊन हाच त्रास सुरू होतो.

परंतु कधी कधी कारण अधिक खोल असते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एका गावात टोमॅटो उत्पादक शेतकऱ्याच्या जीपने आषाढात असाच त्रास सुरू केला. फोर-व्हील टाकून मुरमाड चढण चढताना गाडी गचके देई, ट्रान्स्फर केसमध्ये हातोडा मारल्यासारखे ठोके पडत आणि दांडा मग काही केल्या बाहेर येत नसे. फोर-व्हील सोडले की गाडी शांत. आवाज ट्रान्स्फर केसमधून येतो म्हणून ती दोनदा उघडण्यात आली, मधले दंतचक्र व शाफ्ट नवे घालण्यात आले. ठोके कायम राहिले. दोन आठवडे माल डोक्यावरून खाली न्यावा लागला आणि पिकलेल्या मालापैकी बराच शेतातच गेला.

उत्तर चैत्रात दडलेले होते. मागचा आस वाकल्यामुळे चैत्रात जुन्या बाजारातून दुसरा आस आणून बसवण्यात आला होता. तो तंतोतंत बसला, क्राऊन-पिनियनही शांत होते, आणि कोरड्या ऋतूत फोर-व्हील लागले नाही म्हणून कोणास संशय आला नाही. एकच गोष्ट शेतकऱ्याने सहज बोलता बोलता सांगितली : तेव्हापासून गाडी घाटात पूर्वीसारखी ओढत नव्हती. युद्धकाळातील जीपच्या क्राऊनला ३९ व पिनियनला ८ दाते असत. नंतरच्या नागरी वापराच्या बऱ्याच गाड्यांत ४३ व ८. पहिल्यात पिनियनचे ४·८८ फेरे झाले की चाकाचा एक होतो, दुसऱ्यात ५·३८ फेरे लागतात. पुढे एक प्रमाण व मागे दुसरे असले की पुढच्या चाकांचे १० फेरे होतात तेव्हा मागची चाके ११ घेऊ पाहतात. दोन बैलांपैकी एकाने चालावे व दुसऱ्याने धावावे, असा तो प्रकार होय, आणि जू मोडण्याची पाळी ट्रान्स्फर केसवर येते.

हाउसिंग न उघडता हे प्रमाण मोजता येते. वर सांगितल्याप्रमाणे चाकांस ठोकळे लावून, गिअर व ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला व पुढचा आस सुटा ठेवून, मागचे एकच चाक उचलावे. त्या टायरवर व शाफ्टवर खडूने एकेक रेघ ओढावी. एका माणसाने चाक सावकाश २० फेरे फिरवावे व दुसऱ्याने बाजूस बसून शाफ्टचे फेरे मोजावेत. जमिनीवरचे चाक स्थिर असल्यामुळे चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक, म्हणून २० फेऱ्यांत क्राऊन १० वेळा फिरते. शाफ्टचे फेरे पावणेचोपन्न आले तर प्रमाण ४३-८, पावणेएकोणपन्नास आले तर ३९-८. हीच मोजणी पुढच्या आसावर करावी. सदर गाडीत पुढे पावणेचोपन्न व मागे पावणेएकोणपन्नास निघाले. घाटातील ओढ परत मिळावी म्हणून मागच्या हाउसिंगमध्ये ४३-८ ची जोडी बसवण्यात आली. त्यानंतर ठोके थांबले, दांडाही बोटाने सुटू लागला. जुना आस विकत घेताना ही खडूची मोजणी बाजारातच केली असती तर हंगाम वाचला असता. क्राऊनच्या व पिनियनच्या दात्यांचे आकडे बहुधा धातूवर कोरलेले असतात, परंतु ते पाहण्यास हाउसिंग उघडावे लागते.

चाके व पुढचा आस

दहा-बारा किलोमीटर चालवून गाडी थांबवावी व चारही चाकांच्या मध्यावर क्रमाने तळहात न्यावा, आधी जवळ, मग चटका बसत नसल्यास टेकवून. ज्या मध्यावर हात ठरत नाही तेथील बेअरिंग अति आवळले आहे, कोरडे पडले आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक धरला आहे. चाक उचलून वर-खाली हलवावे. पुढचे चाक हलले तर दुसऱ्या माणसास ब्रेक दाबावयास सांगावे : हालचाल थांबली तर बेअरिंग ढिले, थांबली नाही तर किंगपिन झिजलेली. बेअरिंगच्या रोलरांवर निळसर डाग किंवा खवले दिसले तर ते धुऊन पुन्हा घालण्यात अर्थ नाही. फोर-व्हीलमध्ये मऊ मातीत स्टिअरिंग पुरते वळवल्यावरच येणारी कटकट पुढच्या चाकाजवळील आतील जॉइंटची असते. तेथील ग्रीस पाण्याने धुऊन गेलेले आढळते.

गिअरबॉक्स ज्यावर टेकते ती रबराची गादी चेपली असेल तर निर्दोष पेटीचा गुणगुणाटही चौकटीत उतरून मोठा होतो. ही गादी पाहण्याचे बहुतेक मिस्त्री विसरतात.

पेटी उघडावी लागली तर

वरील सर्व परीक्षांनंतर संशय ट्रान्स्फर केसवरच ठरला तर तेल काढून तळाचे झाकण प्रथम उतरवावे; पेटी गाडीवरून काढण्याची घाई करू नये. तळातून मधले दंतचक्र दिसते. ते बोटांनी वर-खाली हलवावे. ठळक हालचाल असेल तर आतील शाफ्ट व सुयांची बेअरिंगे झिजलेली असतात, आणि ती कडेच्या चकत्यांसह एकदम बदलावीत. नव्या सुयांत जुना, खोबणी पडलेला शाफ्ट घालणे म्हणजे खर्च दोनदा करणे होय.

क्राऊन-पिनियनचे काम मात्र अनुभवी हातांकडे द्यावे. ती जोडी कारखान्यात एकमेकींशी घासून जुळवलेली असते. एक नवी व एक जुनी कधीही चालत नाही. पिनियनचे फ्लँज वर-खाली हलत असेल तर नुसता नट आवळून भागत नाही, कारण बेअरिंगचा ताण पातळ चकत्यांच्या जाडीने राखलेला असतो. जुळणी पाहण्यास शेंदूर तेलात कालवून दात्यांस लावतात व क्राऊन फिरवून दाब कोठे उमटतो ते पाहतात. ठसा दात्याच्या मध्यभागी उमटला पाहिजे. टोकाशी किंवा मुळाशी उमटल्यास चकत्या बदलून पिनियन आत-बाहेर घ्यावी लागते. हा ठसा मिस्त्रीने मालकास दाखवावा, अशी मालकाने मागणी करावी. शेंदूर विषारी असल्यामुळे काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

गाडी दुरुस्तीस देताना चिठ्ठी लिहून द्यावी. 'गाडी आवाज करते' एवढ्याने मिस्त्रीस काही कळत नाही. 'तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर ओढ असताना शीळ. पाय काढताच बंद. वळणावर फरक नाही. मागच्या हाउसिंगचे तेल काळे, पापुद्रे नाहीत. क्रॉस घट्ट', अशी चार ओळींची चिठ्ठी असली म्हणजे त्याने कोणती पेटी उघडावी व कोणती उघडू नये हे आधीच ठरते. काम झाल्यावर त्याच रस्त्याने, त्याच गिअरमध्ये, तितकाच माल भरून गाडी चालवून पाहावी. दोन-तीन फेऱ्यांनंतर शाफ्टच्या फ्लँजचे नटबोल्ट पुन्हा आवळावेत, तेलाची पातळी पाहावी आणि नव्या क्रॉसच्या चारही वाट्यांस ग्रीस द्यावे.